बगळा म्हणजे नेमका कोण? (बगळा, करकोचा, ढोकरी आणि आमचं बोकें)

वायंगण
मंडळी, खूप दिवसांनी धागा काढतेय, विषय बघून हसू नका. मुलगा चौथीत, मराठी माध्यम. परवा चाचणीचा पेपर घरी आला, त्यात 'चित्रातील पक्षी ओळखा' असा प्रश्न होता. चौथ्या चित्राखाली यानं बगळा लिहिलं आणि बाईंनी त्यावर फुली मारून लाल पेनानं 'करकोचा' लिहून दिलंय. अर्धा मार्क गेला. त्या अर्ध्या मार्काचं मला सोयरसुतक नाही, पण हा तीन दिवस गाल फुगवून बसलाय, त्याचं म्हणणं लांब पाय लांब मान म्हणजे बगळाच, रोज तर बघतो. आमचं घर गोव्यात करमळीला, तळं चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे बघतो हे खरंच आहे. नवरा पेपर हातात न घेताच म्हणाला, सारस असेल. सासूबाईंनी चष्मा शोधला, पेपर खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "तें बोकें, आनीक कितें?" त्यांच्या लेखी सगळींच बोकीं, पांढरं असो, राखाडी असो, तळ्यात असो की म्हशीच्या पाठीवर.

तर प्रश्न असा की बगळा हे एका पक्ष्याचं नाव आहे की सगळ्या टोळीचं? आणि करकोचा म्हणजे कोण? मी लहानपणापासून कोल्ह्याच्या गोष्टीत ऐकलाय तेवढाच. चित्र झेरॉक्सची झेरॉक्स आहे त्यामुळे रंग विचारू नका.

नुस्तेंभात
सोपं आहे की. उभा असेल तर बगळा, पोहत असेल तर बदक, काळा असून खांबावर पंख वाळवत बसला असेल तर पाणकावळा. चाळीस वर्षं एवढ्यावर भागलंय माझं, कुठे अडलं नाही 😀

जुना बाकडा
शब्दापुरतं बोलतो, पक्ष्यातलं फार कळत नाही. बगळा हा संस्कृत बक वरून आलाय, मधे प्राकृतात क चा ग झाला आणि मागे ळ लागला, हिंदीत त्याचाच बगुला. मूळ बक ठेवूनही आपण बकध्यान म्हणतो, बकासुर म्हणतो. गंमत अशी की आपल्याकडे या शब्दात पक्ष्यापेक्षा त्याचा स्वभावच जास्त आहे. एका पायावर डोळे अर्धे मिटून उभा, बघणाऱ्याला वाटावं साधू आहे, आणि मासा टप्प्यात आला की खल्लास. ती म्हाताऱ्या बगळ्याची आणि खेकड्याची गोष्ट आठवा, तळं आटणार अशी भीती घालून एकेक मासा दुसऱ्या तळ्यात पोचवतो म्हणून नेतो आणि खडकावर बसून खातो, शेवटी खेकडा त्याची मान धरतो. ढोंगी माणसाला बगळा म्हणतात ते यातूनच, आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यातल्या पुढाऱ्यालाही. पण निवडणूक जवळ आली की काय ठाऊक नाही, तो विषय नको.

थोडक्यात, म्हण करणाऱ्यांनी बगळा कुठल्या जातीचा हे कधी विचारलेलं नाही.

दुर्बीणवाला
जुना बाकडा, मस्त. आता पक्ष्याकडून बघू.

बगळा ही टोळीच आहे. आपल्या गोव्यात सहज दिसणारे सांगतो: गायबगळा, छोटा बगळा, मध्यम बगळा, मोठा बगळा, हे चार पांढरे. शिवाय राखी बगळा, जांभळा बगळा (करमळीच्या तळ्यात पाणवेलीत मान खुपसून असतो, वायंगणताई, तुमच्या मुलानं नक्की बघितला असणार), रातबगळा, किनाऱ्याकडे समुद्रबगळा आणि सगळ्यात जास्त दिसणारी ढोकरी. म्हणजे सासूबाई बरोबर आहेत, सगळींच बोकीं.

चार पांढऱ्यांत फरक करायचा तर उंचीवर जाऊ नका, एकटा उभा असला की उंची कळतच नाही. चोच आणि पाय बघा. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटं मात्र पिवळी, काळ्या पॅन्टखाली पिवळे मोजे घातल्यासारखी. मोठ्या बगळ्याची मान ताणली की संपतच नाही आणि मधेच एक कोन पडतो, जिवणीची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. मध्यमची ती रेघ डोळ्याखालीच थांबते. गायबगळा आखूड मानेचा, चोच पिवळी, पावसाच्या आधी डोकं आणि पाठ केशरी होते.

पिवळ्या मोज्यांचा उपयोगही आहे. ओहोटीला खाजनात (नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) मानशीचं, म्हणजे बांधातल्या झडपेचं, दार उघडलं की पाणी पोंयतून (आतल्या तळीतून) नदीकडे ओढ घेतं आणि त्याबरोबर बारकी मासळी, तेव्हा दाराच्या तोंडाशी जाऊन बसा एकदा. छोटा बगळा एक पाय पुढे टाकून चिखलात थरथरवतो, अगदी शिवणयंत्राच्या सुईसारखा, पाय हलतो पण वरचं अंग गप्प. चिखलातून कोळंबी उसळली की चोच. बकध्यान वगैरे ठीक आहे पण हा गडी मेहनती आहे, ध्यानबिन काही नाही.

चहाटळ
गायबगळ्याला पाणपक्षी कशाला म्हणता? तो तर आमच्या शेतात ट्रॅक्टरच्या मागे लागलेला असतो. चिखलणीच्या दिवशी पन्नास-साठ जमतात, ट्रॅक्टरवाला वळला की तेही वळतात, मुकादम असल्यासारखे. नांगराखालून निघालेले किडे, नाकतोडे, बेडकं खातात. पूर्वी बैल होते तेव्हा बैलांच्या पायाशी असायचे, आता ट्रॅक्टरच्या. भाडं देत नाहीत एवढंच.

दुर्बीणवाला
बरोबर, त्याला पाणी लागतंच असं नाही. आणि हा आपलाच नाही फक्त, आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण अमेरिकेत पोचला, तिथून उत्तर अमेरिकेत. कोणी नेला नाही, स्वतः उडत गेला. गुरं पाळणारी माणसं जिथे तिथे हा.

फेरीबोट
ढोकरीचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझं माहेर चोडणचं. शाळेला रायबंदरला यायचो फेरीनं, धक्क्याच्या पायरीवर एक मातकट पक्षी नेहमी बसलेला, मान खांद्यात घातलेली, आजारी म्हाताऱ्यासारखा. अगदी दोन हातांवर जाईपर्यंत हलायचा नाही. आम्ही पोरींनी पैज लावली होती की हात लावायचा. एकदा मी एवढी जवळ गेले की त्याचा पिवळा डोळा दिसला आणि तेवढ्यात तो उडाला आणि अख्खा पांढरा झाला! खरंच सांगते, मी घाबरून दप्तर पायरीवर टाकलं. बसलेला चिखल होता, उडाला तो कापूस. घरी सांगितलं तर आई म्हणाली बगळाच तो, बसतो तेव्हा कपडे बदलतो.

पुढे चोडणच्या अभयारण्यात (सलीम अलींच्या नावाचं, १९८८ पासूनचं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी) एका वनरक्षकानं सांगितलं की ती ढोकरी, तिचे पंख आणि शेपूट पांढरीच असतात, मिटले की पाठीच्या तपकिरीखाली झाकले जातात. तेव्हा मी कॉलेजात होते. एवढी वर्षं मी दोन वेगळे पक्षी समजत होते 🙈

सांजवात
फेरीबोट, अगदी अगदी! आमच्याकडे डिचोलीला पण हेच. आणि ढोकरीला वंचक पण म्हणतात ना? वंचक म्हणजे फसवणारा.

दुर्बीणवाला
हो, वंचक, भुरा बगळा, हिंदीत तर अंधा बगला, जवळ गेलं तरी उडत नाही म्हणून. त्याला दिसत नाही असं लोकांना वाटलं, त्याला वाटतं की आपण लोकांना दिसत नाही. विणीच्या हंगामात पाठ लालसर तांबूस-जांभळी होते, तेव्हा ओळखूच येत नाही.

तारीवर
एक शंका. शिवोलीच्या तारीकडे (फेरीच्या धक्क्याकडे) मी बरेचदा एक काळपट निळा बगळा बघतो, आकार छोट्या बगळ्याएवढा, गळ्यावर तेवढा पांढरा ठिपका. मी आजवर समजत होतो की नदीत बोटींचं तेल सांडतं त्यात माखलेला आहे बिचारा. एकदा बिस्किटं पण टाकली होती.

दुर्बीणवाला
😂 तेल नाही, तो समुद्रबगळा. याचे दोन रंग असतात, एक पाटीसारखा काळसर आणि एक पांढरा, जात एकच. काळ्याचा गळा पांढरा असतो, तोच तुमचा ठिपका. बिस्किटं खात नाही, तुम्ही खा.

तारीवर
दहा वर्षांची दया पाण्यात गेली.

नुस्तेंभात
म्हणजे काळा बगळा पण बगळा, तपकिरी पण बगळा. माझी तीन पक्ष्यांची पद्धत मोडली की राव.

लिसेव
थोडं अवांतर. माझे वडील लिसेवांत (पोर्तुगीज काळातल्या शाळेत) शिकलेले, म्हातारपणी बाल्कनीत बसून पक्ष्यांना पोर्तुगीज नावं घालायचे. बगळ्याला गार्सा, बदकाला पातु आणि हंसाला गान्सु. आम्हाला वाटायचं सगळे परके शब्द. नंतर कळलं की गान्सु आणि आपला हंस हे एकाच जुन्या घरातले, जर्मन गान्स पण त्यातलाच. मजा म्हणजे या सगळ्या भाषांत तो शब्द घरगुती गूझ पक्ष्यासाठी आहे, आपण मात्र हंस म्हटलं की सरस्वतीच्या शेजारचा तो उंच मानेचा पांढरा डौलदार पक्षी डोळ्यापुढे आणतो, जो आपल्या देशात क्वचितच येतो. कॅलेंडरवाल्यांनी घोळ घातलाय. आणि आपला बदक हा फारसी, बत पासूनचा, म्हणजे गोव्याच्या तळ्यात संस्कृत, फारसी आणि पोर्तुगीज तिघं पोहतायत.

जुना बाकडा
लिसेव, वा. नीरक्षीर वेगळं करणारा हंस मग गूझच म्हणायचा. गवत खाणारा पक्षी दूध-पाण्याचा न्यायनिवाडा करतो.

सांजवात
अजून एक अवांतर, कोणी नखांचा खेळ खेळलंय का? बगळ्यांची रांग डोक्यावरून जायला लागली की आम्ही दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत "बगळ्या बगळ्या कवडी दे" म्हणत अंगणभर पळायचो. नखावर पांढरा ठिपका उठला की बगळ्यानं कवडी दिली. माझ्या डाव्या अंगठ्यावर एक कायम असायची, मी वर्गात भाव खायचे.

चहाटळ
आमच्यात "फूल दे" होतं. कवडी नाही. बाकी तेच.

फेरीबोट
तमिळ शेजारीण सांगत होती त्यांच्यात पण हाच खेळ, कोक्कु कोक्कु करून फूलच मागतात. बगळा बिचारा देशभर नखं रंगवत फिरतोय.

वायंगण
सगळ्यांचे आभार, मुलाला वाचून दाखवतेय, ढोकरीच्या गोष्टीवर खूश आहे. पण मंडळी, करकोचा राहिलाच!

दुर्बीणवाला
करकोच्याचा घोळ मोठा आहे, म्हणून टाळत होतो.

मराठीत करकोचा हा शब्द दोन अगदी वेगळ्या घराण्यांना वापरतात. एक घराणं झाडावर घरटं करणारं, जाड लांब चोचीचं: रंगीत करकोचा, पांढरा करकोचा, आणि आपल्या शेतात येणारा पांढऱ्या मानेचा काळा करकोचा, ज्याला कांडेसर म्हणतात. करमळीला आणि कुडचड्याच्या नंदा तळ्यात (२०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं ते, गोव्यातलं पहिलं) उघड्या चोचीचा येतो ना, चोच मिटली तरी मधे फट राहते आणि गोगलगायी खातो, तोही याच घराण्यातला. त्याला पुस्तकात मुग्धबलाक म्हणतात, आता बलाका म्हणजे संस्कृतात बगळ्याची जातभाई, म्हणजे करकोच्याला बगळ्याचं नाव दिलं. दुसरं घराणं क्रौंच आणि सारस यांचं. हे जमिनीवर राहतात, जमिनीवरच घरटं करतात. त्यातल्या सगळ्यात लहानग्याला मराठीत कांड्या करकोचा म्हणतात.

उडताना मात्र फसगत होत नाही. बगळा मान घडी करून खांद्यात घेतो, बाकी दोन्ही घराणी मान सरळ पुढे ताणून उडतात. संध्याकाळी करमळी स्टेशनच्या फलाटावरून बघा, मान आत म्हणजे बगळा, मान बाहेर म्हणजे दुसरं कोणीतरी.

जुना बाकडा
करकोचा हा शब्द आवाजावरून पडला असावा असं मला आपलं वाटतं, करकर करणारा.

दुर्बीणवाला
तसं असेल तर तो क्रौंच घराण्यालाच शोभतो. झाडावरच्या करकोच्यांना आवाज जवळजवळ नसतोच, ते चोची आपटून टकटक करतात. क्रौंच मात्र मैलभर ऐकू जातील असे ओरडतात. पण मग गोष्टीतला सुरईतून जेवणारा करकोचा कोण? कांड्या करकोच्याची चोच एवढी आखूड की तो सुरईपाशी उपाशी मेला असता, कोल्ह्याबरोबर.

चहाटळ
नवऱ्याचा सारस कटाप का मग?

दुर्बीणवाला
सारस माणसाएवढा उंच, डोकं लालभडक. गोव्यात नाही. नवऱ्याला शून्य मार्क.

सांजवात
वायंगण, चित्रात नेमकं काय आहे ते तरी सांगा ना. डोक्यामागे काही?

वायंगण
उभा आहे. पाय लांब. डोक्यामागे पिसं लोंबतायत. झेरॉक्समुळे बाकी राखाडीच राखाडी.

फेरीबोट
पिसं लोंबतायत म्हणजे छोटा बगळा!! विणीच्या दिवसात त्याला डोक्यामागे दोन लांब पिसं येतात. पोरगा जिंकला!

जुना बाकडा
याच पिसांपायी बगळ्यांची कत्तल झाली होती, माहीत आहे का. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर बगळ्याचे तुरे खोचायची फॅशन होती आणि ती पिसं वजनानं सोन्यापेक्षा महाग विकली जायची. ब्रिटिश हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी आली. आज तो आपल्या मानशीवर बिनधास्त उभा राहतो त्याच्यामागे एवढं सगळं आहे.

नुस्तेंभात
पोराला अर्धा मार्क परत द्या, नाहीतर पुढच्या पालकसभेला आम्ही सगळे येतो. चहा-भजी शाळेची.

चहाटळ
+१. बॅनर मी आणतो. 'बगळ्याला न्याय द्या'.

दुर्बीणवाला
थांबा जरा. राखी बगळ्यालाही मागे तुरा असतो. ताई, तीन गोष्टी बघून सांगता? चोच डोक्यापेक्षा लांब की आखूड, छातीवर काही आहे का, आणि शेपटीकडे काय दिसतंय.

वायंगण
आत्ता भिंग घेऊन बसलो आम्ही दोघं. चोच आखूड आहे, डोक्याएवढीच. मान पुढून काळी, आणि ती काळी पिसं छातीवरून खाली लोंबतायत, टायसारखी. मी डोक्यामागे म्हटलं ते खरं तर डोळ्यापासून मागे गेलेला पांढरा झुबका आहे, केस विंचरून मागे बसवल्यासारखा. शेपटीकडे पण लांब पिसं खाली वाकलेली. मुलगा म्हणतो हे आधी दिसलंच नाही.

दुर्बीणवाला
अरेरे. ताई, बाई बरोबर आहेत. तो कांड्या करकोचा आहे, शंभर टक्के. पांढरा झुबका आणि काळा टाय दोन्ही असलेला दुसरा कोणी नाही.

चहाटळ
बॅनर रद्द.

नुस्तेंभात
मी कोणत्या पालकसभेबद्दल बोलत होतो मला आठवत नाही.

फेरीबोट
पण हा पक्षी गोव्यातल्या चौथीच्या पोरानं बघायचा कुठे? मी तर जन्मात पाहिला नाही.

दुर्बीणवाला
तेच तर. हे मध्य आशिया, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून थंडीत येतात, राजस्थानात फलोदीजवळ खीचन गावात हजारोंनी उतरतात, गावकरी त्यांना दाणे घालतात, तिथे त्यांना कुरजां म्हणतात. महाराष्ट्रात काही धरणांच्या काठी शेतात दिसतात. आपल्याकडे खाजनात त्याचं काय काम? त्यामुळे मुलाची चूक चूक नाही म्हणणार मी. त्याच्या गावात लांब पायाचे जे आहेत त्यातले बहुतेक बगळेच आहेत, त्यानं जवळचा शब्द लावला. पुस्तक काढणाऱ्यांनी कांडेसर नाहीतर मुग्धबलाक टाकला असता तर निदान तळ्यावर नेऊन दाखवता आला असता. मारुती चितमपल्लींसारख्या माणसानं रानातल्या लोकांना विचारून विचारून पक्ष्यांची नावं जमवली, आपल्याकडे बोकें म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना कोणी विचारतं का?

जुना बाकडा
पण बाईंनी नुसती फुली न मारता बरोबर नाव लिहून दिलं हे मला आवडलं. आमच्या वेळी फुलीबरोबर छडी यायची.

वायंगण
अपडेट देते. काल रविवार, सकाळी सातला सासूबाईंना आणि मुलाला घेऊन तळ्यावर गेले. मुलानं वही नेली होती, दोन रकाने, 'मान आत' आणि 'मान बाहेर'. मान आत एकवीस झाले आणि मग त्याचा कंटाळा झाला. मान बाहेर चार, तेही ते फटीच्या चोचीवाले. अडयांचा मोठा थवा होता शिट्ट्या मारत, ते कुठल्या रकान्यात घालायचे यावर भांडण झालं, सासूबाई म्हणाल्या तीं बदकां, तांकां सोड. मग बांधावर एक ढोकरी बसली होती. मी मुद्दाम काही बोलले नाही. मुलगा म्हणाला आजी, हे पण बोकें का, एवढं मळकं? त्यांनी बांधावरचा एक खडा उचलून पाण्यात टाकला, ती उडाली, आणि तो ओरडला ते सगळ्या तळ्यानं ऐकलं असणार, कारण त्यानंतर तिथे मोजायला काही उरलंच नाही.

बाईंना आज चिठ्ठी पाठवली, मार्काची नाही, एकवीस आणि चारची. त्यांनी वही शाळेत मागवलीय.

सांजवात
❤️ कवडी मिळाली की नाही त्याला?

वायंगण
नखं घासून लाल केलीत, अजून नाही मिळाली.

तारीवर
आता जरा पाणकोंबडीचं पण कोणीतरी सांगा. आमच्या विहिरीपाशी संध्याकाळी एक येते, शेपटी वर करून चालते, तोंड पांढरं, आणि रात्रभर क्वाक क्वाक करून डोक्याची मंडई करते. ती कोंबडी आहे की बदक?

दुर्बीणवाला
दोन्ही नाही. नवीन धागा काढा, आणि बिस्किटं टाकू नका.